तडी वकील

उजवा हात वर, तळवा समोर, नजर भलतीकडेच आणि तोंडात एकच शब्द: "तडी." आमच्या वकीलसाहेबांना ज्यांनी एकदा जरी पाहिलं असेल त्यांना हे चित्र ठाऊक असणार. समोर पक्षकार उभा असो, चहावाला असो, की खुद्द त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, जेवायला बोलावत असोत, हात तोच आणि शब्द तोच. धारवाडच्या कोर्टात त्यांचं खरं नाव वकीलपत्रापुरतं उरलं होतं. बाकी सगळ्यांना ते तडी वकील.

आमच्याकडच्या लोकांना हा शब्द समजावून सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. कानडीत 'तडी' म्हणजे थांब. मराठीत मात्र काम तडीस नेणं म्हणजे शेवटापर्यंत नेणं. घरात मराठी आणि दारात कानडी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना दोन्ही अर्थ तोंडपाठ असतात आणि कुठं कुठला घ्यायचा ते समोरच्या माणसावरून कळतं. साहेबांच्या बाबतीत काही अवघड नव्हतं. साहेब पहिल्या अर्थाचे.

मी त्यांच्याकडं टायपिस्ट होते. सुभाष रोडच्या एका बोळात, कापडदुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस. एक टेबल त्यांचं, एक माझं, आणि मध्ये पक्षकारांचं बाकडं. ते मला 'बाई' म्हणत आणि मी त्यांना 'साहेब'. तोंडानं मी जरा फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, ही बाई साहेबांशी असं कसं बोलते. बोलत होते. त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. निम्म्या वेळा ऐकलंच नसावं.

कारण साहेबांचं लक्ष नेहमी दुसरीकडंच असायचं. खिडकीच्या गजावर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधायला घेतलं तर ते घर पुरं होईपर्यंत खिडकी लावायची नाही. मग पावसाचे शिंतोडे माझ्या कागदांवर आले तरी चालतील. एकदा समोर एक सावकारी तोऱ्याचा पक्षकार आपली बाजू तावातावानं मांडत होता, आणि साहेबांनी हात वर केला. "तडी." पक्षकार थांबला. त्याला वाटलं, आपल्या बोलण्यात काहीतरी महत्त्वाचं सापडलं. साहेब उठले, त्याच्या टोपीवर बसलेला किडा हळूच बोटावर घेतला, खिडकीतून सोडला आणि परत येऊन म्हणाले, "हं, बोला. तुमचे काका काय म्हणाले?" तो माणूस पुढं सगळा वेळ टोपी हातात धरून बसला होता.

मुलीनं बंगळूरला जाताना तिचा कॅमेरा त्यांच्याकडं टाकला, तिथून किड्यांचे फोटो काढायचं वेड अंगात शिरलं. कोर्ट सुटलं की साहेब ऑफिसात डोकावत, दोन-चार सह्या करत आणि बसनं नवनगरला घरी पळत. घरात न शिरता तसेच शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये. काळा कोटसुद्धा अंगावरच. तिन्हीसांजेच्या वेळी, गुडघाभर गवतात, काळा कोट घातलेला वकील एका झुडपासमोर उकिडवा बसलाय, हे दृश्य तुम्ही बघितलं असतंत तर काय समजला असता? नवनगरातले लोक समजायचे की कोर्टानं जागेची पाहणी करायला पाठवलंय. येणारा-जाणारा कुंपणापाशी थांबून विचारायचा, "एनैत्री अल्ली?" काय आहे तिथं? साहेब वळून न बघता हात वर करायचे. झालं. विचारणाऱ्याचा संशय पक्का.

दुसऱ्या दिवशी ते मला फोटो दाखवत. आधीचे सगळे फोटो म्हणजे नुसता अंधार आणि मधे काहीतरी पिवळट. "ही बघा माशी," ते म्हणत.

"कुठं?"

"ही काय."

"साहेब, हे आमटीवरच्या फोडणीसारखं दिसतंय."

"हलली ती. वारा होता."

त्यांचं म्हणणं असं की त्या वेळेचा उजेडच खरा. ऊन असताना किडा चकाकतो, त्याचा रंग दिसत नाही, नुसती चमक दिसते. सूर्य घरांच्या मागं गेला की मग थोडा वेळ सगळीकडून सारखा उजेड येतो आणि वस्तू आपल्या मूळ रंगात दिसते. पण तो उजेड इतका थोडा, की कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात काडी हलली की फोटो गेला. म्हणून साहेब श्वास धरून बसत. कॅमेरा टेकवायला त्यांनी काकूंकडून कापडाची पिशवी शिवून घेतली आणि तिच्यात जोंधळे भरले. पुढं त्या जोंधळ्यांत सोंडे झाले. काकू पिशवी उन्हात ओतायला निघाल्या तर साहेबांनी आधी सोंड्यांचे फोटो काढले.

"फ्लॅश का नाही लावत?" मी एकदा विचारलं. असल्या यंत्रांतलं मला काही कळत नाही, पण एवढं लग्नात बघितलेलं होतं.

साहेबांचा चेहरा उतरला. "एकदा लावला होता," ते म्हणाले. "सगळ्या उठून गेल्या. अंधार झालेला, त्यांना दिसत पण नाही. कुठं जाऊन पडल्या देव जाणे. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर बॅटरी मारावी, तसं केलं मी." मग जरा वेळानं म्हणाले, "असलं परत करायचं नाही."

झोपलेल्या माश्या? आता मलाही राहवेना. माश्या झोपतात हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. तुम्ही आणलं होतंत? दिवसभर भुणभुण करून त्या रात्री कुठं जातात, हा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नाही. गणपती उठून गेल्यावरचे दिवस होते. नवनगरात माझ्या नणंदेचं घर आहे, तिच्याकडं जाताना मी मुद्दाम वाट वाकडी केली.

साहेब गवतात बसलेलेच होते. मला बघून नेहमीसारखा हात वर केला, आणि मग तोच हात खाली करून गवतावर आपटला, म्हणजे इथं बसा. मी साडी सावरून बसले. समोर घाणेरीचं मोठं झुडूप. त्यातून एक वाळकी काडी बाहेर आलेली, पेन्सिलीपेक्षाही बारीक. काडीवर काहीच नव्हतं.

"येतील," ते कुजबुजले.

पहिली आली. मधमाशीएवढी, पण पोटावर निळे पट्टे, मोरपिसातल्या निळ्यासारखे. काडीभोवती चार घिरट्या घातल्या, टेकली, आणि जबड्यानं काडी चक्क चावून धरली. मग पाय पोटाशी घेतले. आता ती फक्त दातांवर लटकलेली, अंग हवेत. मग दुसरी आली, तिला पहिलीचीच जागा हवी. ढकलाढकली झाली, गुणगुण झाली, पहिली हलेना, तेव्हा दुसरीनं जरा वर जाऊन काडी धरली. बघता बघता काडी भरली. दोरीवर कपड्याचे चिमटे लावून ठेवावेत तशा ओळीनं माश्या. उजेड कमी होत गेला तसे ते निळे पट्टे उलट जास्तच उठून दिसायला लागले. मी मान पुढं काढून इतकी बघत होते की साहेबांच्या कॅमेऱ्यात माझा पदर आला.

"हे सगळे पुरुष," साहेब म्हणाले. "बायका जमिनीत बीळ करून आत झोपतात. ह्यांना आत घेत नाहीत."

"शहाण्या आहेत."

"रोज संध्याकाळी हीच काडी. झुडपाला एवढ्या काड्या आहेत, पण हीच. का?"

"सवय."

"सवय म्हणू नका. ऐका. ह्या माश्या काही आठवडेच जगतात. थंडी पडली की संपल्या. पुढच्या पावसाळ्यानंतर नवीन येतात. त्यांनी ह्यांना कधी बघितलेलं नाही. तरी त्या येऊन ह्याच काडीला लागतात. तीन वर्षं बघतोय. पत्ता कोण देतं त्यांना?"

"कोर्टाचा बेलिफ जात असेल नोटीस घेऊन," मी म्हणाले.

साहेब हसले, पण मन प्रश्नातच होतं. वास राहतो का काडीला? का जागाच अशी आहे, वारा अडतो, मुंग्या चढत नाहीत? पुस्तकांत बघितलं, कॉलेजातल्या कुणा प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, बघत राहा, कळेल. हे उत्तर साहेबांना फार आवडलं. असलं उत्तर न्यायाधीशांनी दिलं असतं तर मला वाटतं त्यांनी अपीलच केलं नसतं.

त्यानंतर मीही अधूनमधून जायला लागले. माझं काम म्हणजे साहेबांच्या गळ्यातला पांढरा बँड हातात धरून काडीच्या खालच्या बाजूला उजेड परतवायचा. वकिलांच्या बँडचा असा उपयोग दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. बँड हलला की ओरडा खायचा, आणि हसले तर जास्तच.

अशातच एके दिवशी ऑफिसच्या जिन्यावर सुंद्राक्का येऊन बसली. अळणावरजवळच्या एका खेड्यातली. नवरा गेलेला, धारवाडला भाड्याच्या खोलीत राहून जोंधळ्याच्या भाकरी थापून खानावळींना पुरवायची. हातावर चटक्यांचे डाग. वडील रेल्वेत गँगमन होते, त्यांनी हयातीत नवनगरात एक प्लॉट घेऊन ठेवला होता. ते गेल्यावर भाऊ म्हणाला, बहिणीचा काय संबंध. सुंद्राक्का प्लॉट बघायला गेली, तर शेजारच्या फाटकावर वकिलाची पाटी. म्हणून ती आमच्याकडं आली.

"कुठला प्लॉट म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या शेजारचाच की, अण्णा. रानच माजलंय नुसतं. ते काढून दोन खोल्या बांधीन. एक झोपायला आन् एक भाकरीला. घरमालक धुरासाठी रोज बोलतो, खोली सोड म्हणतो. माझ्या चुलीला माझं छप्पर पायजे, दुसरं काय नको."

मी टायपिंग थांबवून साहेबांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. ती जिंकली तर घाणेरी जाणार, काडी जाणार, आणि काडीबरोबर त्यांचा प्रश्नही अर्धाच राहणार. त्यांना नाही म्हणता आलं असतं. शेजारचा मामला आहे, दुसरा वकील बघा, एवढं म्हटलं की सुटले असते. पण दुसरा वकील तिला मिळाला असता का आणि कसला, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी वकीलपत्रावर तिचा अंगठा घेतला.

दावा वर्ष-दोन वर्षं चालला. आधी भावाच्या वकिलानं तारखा घेतल्या, ते रीतीप्रमाणंच झालं. पुढं साक्षी संपल्या, कागद सगळे सुंद्राक्काच्या बाजूचे, आता फक्त शेवटचं बोलणं उरलं. आणि तिथं आमच्या साहेबांनी तारीख मागितली. ताप आहे म्हणाले. ताप नव्हता. असेल थोडी कणकण, म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या खेपेला त्यांनी मला अर्ज टाइप करायला सांगितला: तयारी झालेली नाही, तरी मुदत मिळावी.

तयारी झालेली नाही! ती फाइल मी माझ्या हातानं लावलेली, पान अन् पान. गणपती होऊन गेले होते, म्हणजे माश्यांचे दिवस, हे सांगायला नकोच.

अर्ज मी टाइप केला. पगारी बाई, नाही कसं म्हणणार. पण त्या दुपारी सुंद्राक्का जिन्यावर बसून होती, शेजारी भाकरीची रिकामी टोपली, आणि तिनं मला विचारलं, "घरमालकानं दिवाळीपर्यंतच मुदत दिलीया. तवर होईल का वो, बाई?" ती गेल्यावर मी साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, एक विचारायचंय."

हात वर झाला. "तडी."

"तेच विचारायचंय. ही कुठली तडी? कानडी का मराठी?"

हात वरच राहिला. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग तो हळूहळू खाली आला आणि टेबलावर पालथा पडला. साहेब त्या हाताकडं बघत बसले. खाली दुकानात कापड फाडल्याचा आवाज येत होता.

"बाई," ते म्हणाले, "मला खरंच वाटत होतं की तयारी झालेली नाही."

"असेल."

"नाही, खरंच. रात्री फाइल उघडायचो आणि वाटायचं, अजून एकदा बघायला पाहिजे." त्यांनी चष्मा काढला. "मी तिला माझ्या माश्यांसाठी बसवून ठेवलं, नाही का? आणि मला ते कळलंसुद्धा नाही."

मला त्यांचा रागही आला होता आणि त्यांना असं बघवतही नव्हतं. चाळीस वर्षांच्या वकिलीत या माणसानं पक्षकाराला कधी फसवलं नव्हतं. उशीर खूप केला, पण त्या उशिरात स्वतःचं काही नसायचं.

त्या संध्याकाळी ते काडीकडं गेले नाहीत. दिवाळीच्या आत मिटायला हवं म्हणून भावाच्या वकिलाकडं गेले आणि तिथंच बसले. त्यानंतर दोन-तीन संध्याकाळी त्यांच्याच बैठका. वडिलांची गावाकडची जमीन भावाला, प्लॉट बहिणीला, अशी तडजोड झाली. पुढच्या तारखेला दोघांच्या सह्या-अंगठे होऊन दावा निकाली निघाला. सुंद्राक्का कोर्टाच्या आवारातच साहेबांच्या पाया पडायला वाकली, तर साहेब इतके मागं सरकले की त्यांची टाच पायरीवरून घसरली.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आता तिला सांगा की, तेवढा कोपरा सोड म्हणावं. ती काय नाही म्हणणार आहे?"

"तेच तर," साहेब म्हणाले. "ती नाही म्हणणार नाही. म्हणून मागायचं नाही. जिला नाही म्हणता येत नाही तिच्याकडं काही मागू नये, बाई. आणि मी तर आधीच तिचं बरंच घेऊन बसलोय."

"तुमचं आपलं काहीतरीच."

"तुम्हीही सांगायचं नाही."

मी हो म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला अशी आण कधी घातली नव्हती.

रान काढायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. बँड काढून माझ्या हातात दिला. वारा अगदी पडलेला होता. माश्या आल्या, भांडल्या, जागच्या जागी लागल्या. साहेबांनी जोंधळ्याच्या पिशवीवर कॅमेरा टेकवला, श्वास धरला आणि फोटो घेतला. एकच. मग कॅमेरा बाजूला ठेवून नुसते बघत बसले, काडी दिसेनाशी होईपर्यंत. त्या फोटोत सगळ्या माश्या स्वच्छ आल्यात, केसन् केस मोजावा अशा. फक्त टोकाची एक पुसट आहे. मला चुटपुट लागली. साहेब म्हणाले, "असू दे. ती जागी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी आले आणि दुपारपर्यंत प्लॉट मोकळा झाला. घाणेरीचा ढीग कोपऱ्यात पडला. साहेब कोर्टातून लवकर आले होते. त्यांनी त्या ढिगातली एक काडी उचलली नाही, उलट दुसरीच एक, स्वतःच्या बागेतली वाळकी फांदी आपल्या कुंपणाला तारेनं बांधली, जुन्या जागेपासून हातभर अंतरावर. आम्ही कुंपणाच्या अलीकडं उभे राहिलो.

सांज झाली तशा माश्या आल्या. मोकळ्या प्लॉटवर, काहीही नाही अशा हवेत, अगदी त्या जागी आल्या आणि घिरट्या घालायला लागल्या. आधीच्या काडीच्या उंचीवर, तेवढ्याच लांबीत. एखादी मधेच थांबायची, टेकायला जायची, आणि टेकायला काही नाही म्हणून परत फिरायची. तारेनं बांधलेली फांदी हातभर अंतरावर, तिच्याकडं एकीनं वळून बघितलं नाही.

"पत्ता चोख आहे त्यांच्याकडं," साहेब म्हणाले. "बघितलंत ना? काडीचा वास नव्हता. त्या जागा ओळखतात. जागाच." त्यांच्या आवाजात शोध लागल्याचा आनंद होता आणि डोळ्यांत पाणी होतं. दोन्ही एकदम असलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. कॅमेरा गळ्यात होता, पण त्यांनी हात लावला नाही.

सुंद्राक्काचं घर उभं राहिलं. त्या जागी तिच्या भाकरीच्या खोलीची भिंत आली, तिला एक खिडकी. वास्तुशांतीला साहेब गेले, पोळीबरोबर तिची गरम भाकरीही मागून घेऊन खाल्ली. पुढच्या वर्षी गणपती उठले आणि साहेब पुन्हा संध्याकाळी कुंपणाशी उभे राहायला लागले, त्या भिंतीकडं तोंड करून.

"आता काय बघता?" मी विचारलं.

"नवीन माश्या. ज्यांनी काडी बघितलेलीच नाही, त्या येतात का. आल्या तर त्यांना जागा कुणी सांगितली हे शोधायला पाहिजे."

"आल्या का?"

"परवा एक आली होती. भिंतीपाशी घुटमळली. आता ती त्यातलीच होती का वाट चुकलेली, हे काही सांगता येत नाही. बघत राहायचं."

दोन वर्षं बघितलं त्यांनी. तिसऱ्या वर्षीचा पाऊस त्यांनी पाहिला नाही. उन्हाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकूंनी चहाला हाक मारली, मला वाटतं त्यांनाही वाटलं असणार की आता हात वर होईल. त्या दिवसांत कोर्टाला सुट्टी होती, तरी सगळे वकील आले. मी घरी येऊन स्वयंपाकघरात बसून रडले. फटकळ बायकांना रडायला जागा कमी असते.

ऑफिस आता त्यांच्या एका जुन्या ज्युनिअरनं चालवायला घेतलंय, मी अजून तिथंच आहे. परवा गणपतीनंतर सुंद्राक्का आली. भाकरी आणल्या होत्या, फडक्यात बांधून. बाकड्यावर बसली, इकडचं तिकडचं बोलली. जायला उठली आणि परत बसली.

"बाई, एक इचारू? साहेब माझ्यावर नाराज होते का?"

"का गं?"

"रोज सांजच्याला माझ्या भिंतीकडं बघत उभं राहायचे. कितीतरी वेळ. मला वाटायचं, भिंत चुकलीया. त्यांच्या हद्दीत गेलीया, आन् भिडेनं बोलंनात. गवंड्याला बोलावून मापून घेतली मी. तो म्हणाला, बरोबर हाय. तरी हे उभेच. त्यांना कसं इचारायचं? त्यांनीच घर मिळवून दिलेलं. मग ते आले की मी खिडकी लावून घ्यायची. धुरात बसायची, पन खिडकी लावायची."

साहेबांना दिलेला शब्द होता. पण आता तो कुणासाठी राखायचा? मी तिला सगळं सांगितलं. घाणेरी, काडी, निळ्या पट्ट्यांच्या माश्या, त्या कशा चावून धरून झोपतात, त्या पुन्हा येतात का हे साहेब कसे बघत होते. त्यांनी मागून घेतलेल्या तारखा मात्र सांगितल्या नाहीत. ती मांडीवरचं फडकं घडी करत ऐकत होती, उलगडत होती, परत घडी करत होती.

"भिंतीकडं बघतच नव्हते म्हना की ते," ती म्हणाली.

"नाही."

"आन् मी खिडकी लावत होते."

तिनं फडक्याची घडी बाकड्यावर ठेवली. मग माझ्याकडं बघून, जरा रागानंच म्हणाली, "सांगायचं तरी, बाई. भिंत अलीकडं घेतली असती मी. काडीला कितीशी जागा लागतीया."